गुळाच्या खड्यातला विस्तव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ज्या गल्लीत माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षे गेली, त्या गल्लीत उन्हातून आलेल्या माणसाच्या तळहातावर आधी गुळाचा खडा ठेवावा आणि मग पाण्याचा तांब्या पुढे करावा, ही रीत चहाच्या आक्रमणानंतरही अगदीच मोडीत निघालेली नाही. राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी ही पेठ आपल्या गल्ल्यांना नावे देण्याच्या भानगडीत न पडता पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे देऊन मोकळी झाली. आणि जन्मभर आकड्यांच्या शेजारात राहिल्यामुळेच की काय, समोर आलेल्या वस्तूचा हिशेब मांडून पाहण्याची एक खोड मला जडली आहे. एका चैत्रातल्या दुपारी पाहुण्यासाठी फोडलेल्या ढेपेतला एक खडा मी स्वयंपाकघरातल्या लहान तराजूत घालून पाहिला, तो १० ग्रॅम भरला, म्हणजे तोळ्याला थोडा कमी.

या १० ग्रॅमांत सुमारे ३८ कॅलरी उष्णता साठलेली असते. येथे एक खुलासा आधीच करून टाकतो: आहारशास्त्रात जिला कॅलरी म्हणतात ती वस्तुतः किलोकॅलरी, म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवणारी उष्णता, आणि या लेखात सर्वत्र तीच मोठी कॅलरी अभिप्रेत आहे. अशी एक कॅलरी संपूर्णपणे कामास लावता आली, तर तिच्या बळावर एक किलो वजन ४२७ मीटर उंच उचलता येते. म्हणजे तो एवढासा खडा, निदान कागदावर तरी, ६० किलो वजनाच्या पाहुण्याला जमिनीपासून २७० मीटर उंच नेऊन ठेवण्यास समर्थ आहे. प्रत्यक्षात आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेच्या फार तर चौथ्या हिश्श्याचे काम करून दाखवतात आणि उरलेले तीन हिस्से अंग तापवण्यात खर्ची पडतात, त्यामुळे पाहुणा साठ-सत्तर मीटरच चढेल. पण तेही थोडे नव्हे, वीस मजल्यांची हवेली झाली. हा विस्तव खड्यात आला कोठून, आणि तो जिभेला चटका न देता पोटात जळतो कसा, हे दोन प्रश्न ज्या शास्त्राच्या कक्षेत येतात त्याला आपल्याकडे उष्मागतिकी असे जड नाव आहे. आणि ते नाव ऐकताच विद्यार्थी जसे आवंढा गिळतात, तसा मीही माझ्या विद्यार्थिदशेत गिळला होता. पुढे जे काही समजले त्याचे श्रेय क्रमिक पुस्तकाइतकेच करवीर तालुक्यातल्या एका नातलगाच्या गुऱ्हाळाला द्यावे लागेल.

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती जुनी. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती मुख्यत्वे याच मालासाठी, आणि २०१४ साली ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे सरकारी संरक्षणही मिळाले. मात्र ज्यांच्या जिवावर हे नाव उभे राहिले, ती गुऱ्हाळे दरसाल रोडावत चालली आहेत. तरीही पौष-माघाच्या पहाटे पंचगंगेच्या काठच्या गावातून जाताना उसाच्या मळ्यांपलीकडे पांढऱ्या वाफेचा लोट उठताना दिसतो आणि करपट-गोड वास नाकात शिरतो, तेव्हा तेथे एखादा चुलवाण पेटलेला आहे हे कोणी सांगावे लागत नाही.

गुऱ्हाळाची रचना वरवर पाहता अगदी साधी. चरकातून उसाचा रस निघतो, तो काहिलीत जातो. राहिलेली चिपाडे उन्हात पसरून वाळवली जातात आणि तीच पुढे त्याच रसाखाली जळतात. रस तापू लागला की त्यात बेताचा चुना आणि रानभेंडीची खोडे ठेचून काढलेले बुळबुळीत पाणी पडते, गाळ धरून मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात, आणि मग दोन-अडीच तास नुसते आटवणे. वाफ, धूर आणि घाम यांच्या त्या संमिश्र वातावरणात काहिलीजवळ उभा असलेला गुळव्या हा त्या दरबारचा मुखत्यार असतो. ‘उतरा’ असा हुकूम त्याच्या तोंडून सुटल्याखेरीज मालकसुद्धा काहिलीला हात लावीत नाही.

मी एकदा प्रयोगशाळेतला दोनशे अंशांचा तापमापक घेऊन तेथे गेलो होतो. तो लांबलचक दोऱ्याने पाकात सोडलेला पाहून गुळव्या मिस्कीलपणे म्हणाला, “मास्तर, त्या काचच्या कांडीनं काय गूळ हुतोय व्हय? गोळी बगाय लागती, गोळी.” रस प्रथम शंभर अंशांच्या आसपास उकळत होता आणि बराच वेळ पारा तेथून हलायला तयार नव्हता, जसजसे पाणी उडू लागले आणि साखरेचे प्रमाण वाढले, तसतसा उत्कलनबिंदू चढू लागला, फेस जड झाला, बुडबुडे मोठे होऊन ‘बद्द बद्द’ असा आवाज करीत फुटू लागले. गुळव्याने फळीवर थोडा पाक घेतला, गार पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली, ती वाटीच्या काठावर टणकन आपटून पाहिली आणि म्हणाला, “झालं. उतरा.” त्या क्षणी माझ्या तापमापकावर ११८ अंश होते. पुढच्या दोन काहिलींनाही त्याची गोळी आणि माझा पारा यांच्यात अंशा-दोन अंशांहून अधिक फरक पडला नाही, आणि मी ती कांडी पुसून मुकाट्याने पिशवीत ठेवली.

आता हिशेब. समजा, काहिलीत १०० किलो रस आहे आणि त्याचा २० किलो गूळ उतरणार आहे. तेव्हा ८० किलो पाणी वाफेच्या रूपाने घालवणे आले. तीस अंशांचा रस उकळीला आणण्यास सुमारे ६,३०० कॅलरी लागतात. परंतु उकळी आल्यावर पाण्याची वाफ करण्यासाठी दर किलोस ५४० कॅलरी मोजाव्या लागतात आणि ती रक्कम होते ४३,२००. उकळी आणणे स्वस्त आणि आटवणे महाग, हे बासुंदीपुढे पळी घेऊन बसलेल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते; पाण्याचे कण एकमेकांना ज्या घट्ट आकर्षणाने धरून असतात, त्यातून एकेकाला सोडवून हवेत धाडण्याची ती किंमत आहे. एकूण झाले अदमासे ५०,००० कॅलरी. १०० किलो रसासाठी सुमारे १६० किलो ऊस लागतो, त्यातून ६० किलो ओली चिपाडे निघतात आणि ती वाळून तीसेक किलो राहतात. वाळलेल्या चिपाडाच्या किलोमागे साडेतीन हजार कॅलरी धरल्या तर त्या सरपणात १,०५,००० कॅलरी आहेत. म्हणजे जाळलेल्या उष्णतेपैकी निम्मी रसाला लागू पडते आणि निम्मी धुराड्यातून, चुलवाणाच्या भिंतींतून आणि गुळव्याच्या तापलेल्या कपाळावरून वाऱ्यावर जाते. आणि तरीही ऊस आपल्याच चिपाडांवर आपलाच रस आटवून घेऊ शकतो. याशिवाय ओली चिपाडे वाळवताना जे तीसेक किलो पाणी सूर्याने उडवले, त्याचे बिल तर कोणी मांडतच नाही.

हाच हिशेब माझ्या १० ग्रॅमांच्या खड्यापुरता आवळला, तर एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास येते. खड्याच्या पोटात ३८ कॅलरी. पण तो खडा घडवताना २५ कॅलरींची वाफ आकाशात गेली आणि त्यासाठी पन्नासाहून अधिक कॅलरींची चिपाडे जळाली. जेवढा विस्तव पाहुण्याच्या हातावर आला, त्याहून अधिक विस्तव तो हातावर ठेवण्याजोगा करण्यात खर्ची पडला.

उष्मागतिकीचा पहिला नियम म्हणजे या जमाखर्चाची शिस्त होय. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यावर नावे पडते, हे आज शाळकरी पोर घडाघडा म्हणून दाखवते. परंतु ते प्रथम ज्याला सुचले तो कोणी गणिती नव्हता, जहाजावरचा डॉक्टर होता. युलियस रॉबर्ट मायर हा जर्मन वैद्य १८४० साली डच जहाजावरून जावा बेटावर गेला असता, आजारी खलाशांची शीर तोडताना त्याला त्यांचे रक्त अपेक्षेहून लालभडक दिसले. इतके, की चुकून रोहिणीच कापली की काय असा त्याला संशय आला. उष्ण प्रदेशात अंगाची ऊब टिकवण्यासाठी शरीराला कमी ‘जाळावे’ लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो, असा अन्वय त्याने लावला. आणि तेथून अन्न, ऊब व श्रम ही एकाच वस्तूची तीन रूपे आहेत, या निष्कर्षाप्रत तो १८४२ साली येऊन पोहोचला. त्याच दशकात मँचेस्टरजवळच्या एका मद्याच्या कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल हा पाण्यात पंखे फिरवून, ते किती तापते हे अंशाच्या बारीक अपूर्णांकांपर्यंत मोजत होता. वर दिलेला ४२७ मीटरांचा आकडा ही त्या चिकाटीचीच कमाई.

याच सुमारास, १८४० साली, रशियात हेस या रसायनज्ञाने दाखवून दिले की एखाद्या रासायनिक क्रियेत बाहेर पडणारी एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते, केवळ आरंभ आणि शेवट यांवर असते. कोल्हापूरहून पुण्याला साताऱ्यावरून जा की पंढरपूरवरून जा, दोन गावांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो, तसे. म्हणून गुळाचा खडा चुलवाणात फेकून भडाभडा जाळला काय, किंवा तो खाऊन शरीराने तीस-चाळीस पायऱ्यांनी सावकाश पचवला काय, शेवटी उरणार कार्बन डायॉक्साइड आणि पाणी, आणि निघणार त्याच ३८ कॅलरी. पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८३ च्या सुमारास गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवून, त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो आणि त्याच्या श्वासातून किती वायू निघतो, याचा मेळ जळत्या कोळशाशी घातला होता. श्वसन हे मंद ज्वलन आहे, हे त्यांचे अनुमान. पुढे १८९४ साली माक्स रुब्नर याने कुत्र्यावर हाच प्रयोग काटेकोरपणे केला, तेव्हा आवक आणि जावक जवळजवळ तंतोतंत जुळली. सजीवांसाठी निसर्गाने निराळे दप्तर ठेवलेले नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पण मग एक शंका येते, आणि ती मला एका विद्यार्थिनीने वर्गात विचारली होती. गूळ जळून जाणे हे जर ऊर्जेच्या दृष्टीने उताराचे काम आहे आणि हवेत प्राणवायू मुबलक आहे, तर डब्यातला गूळ आपोआप जळून का जात नाही? उत्तर असे की, उतार आहे खरा, पण उताराच्या तोंडाशी एक बांध आहे. गुळातल्या आणि प्राणवायूतल्या अणूंचे जुने बंध आधी सैल झाल्याशिवाय नवे जुळत नाहीत, आणि बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावीच लागते. येथे एक गैरसमज इतका रूढ आहे की तो खोडल्यावाचून पुढे जाववत नाही: ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते चूक आहे. जुना वाडा पाडायलाही मजुरी पडते. फायदा होतो तो नव्या इमारतीत. कार्बन डायॉक्साइड आणि पाणी यांचे नवे बंध इतके भक्कम असतात की ते जुळताना पाडकामाची मजुरी वजा जाऊनही भरघोस शिल्लक उरते. चुलवाणात हा बांध आगीने ओलांडला जातो; शरीरात आग परवडण्यासारखी नसल्यामुळे तेथे एन्झाइमे नावाची प्रथिने बांधालाच जागोजाग मोरी पाडतात आणि सदतीस अंशांच्या उबेत तेच काम करून घेतात. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ्या मात्र त्यांना बदलता येत नाहीत. एन्झाइम वाट सोपी करते, उतार निर्माण करीत नाही.

आता खडा पोटात गेल्यावर ३८ कॅलरींची ती सबंध नोट शरीर एकदम मोडीत नाही. मोडली असती तर पेशी भाजून निघाली असती. शरीराचे चलन चिल्लर आहे. ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी, हे त्या चिल्लरीचे नाव. कार्ल लोमान याने ते १९२९ साली स्नायूंतून वेगळे केले आणि फ्रिट्झ लिपमान याने १९४१ साली त्याचे हे सार्वत्रिक नाणेपण ध्यानात आणून दिले. ग्लुकोजच्या एका रेणूमागे अशी तीसेक नाणी पाडली जातात, आणि कोरड्या हिशेबाने पाहिले तर ग्लुकोजमधल्या उपयुक्त ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांत उतरते. पेशीतल्या प्रत्यक्ष परिस्थितीत हे प्रमाण याहून बरे पडते. आपल्या अंगात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा काही तोळ्यांत मोजावा इतकाच असतो, पण तेच नाणे दिवसभरात इतक्या वेळा मोडते आणि पुन्हा पाडले जाते की सगळी उलाढाल मोजली तर ती जवळजवळ आपल्या वजनाइतकी भरते. कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरच्या ठोक बाजारात तरी एवढ्या थोड्या भांडवलावर एवढी उलाढाल कोणी करत असेल की नाही, मला शंका आहे.

येथवर सारा जमाखर्च समतोल आहे. मग ‘ऊर्जा वाचवा’ असे का म्हणायचे? जी वस्तू नष्टच होत नाही ती वाचवायची कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या नियमात आहे, आणि माझ्या मते उष्मागतिकीतला खरा रस येथे सुरू होतो. शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या पट्टीत अडत, हमाली, तोलाई अशा कलमांखाली काही रक्कम वजा पडे. ती नाहीशी होत नसे, कोणाच्या तरी खिशात जाई, पण शेतकऱ्याला ती पुन्हा मिळत नसे. निसर्गातही ऊर्जेच्या प्रत्येक रूपांतरावर अशी अडत बसते, आणि ती नेहमी एकाच खात्यात जमा होते: आजूबाजूला विखुरलेल्या, कोमट, निरुपयोगी उष्णतेच्या. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली वाफेच्या यंत्राचा विचार करताना हे प्रथम हेरले. क्लाउसियसने १८६५ साली या विखुरलेपणाच्या मापाला एन्ट्रॉपी असे नाव दिले. आणि बोल्ट्समानने ते माप म्हणजे कणांना निरनिराळ्या प्रकारे मांडता येण्याच्या शक्यतांची गणती होय, असा त्याचा अर्थ लावला. अडत पूर्णतः चुकवता येत नाही, पण मध्यस्थ कमी-जास्त हावरा असू शकतो. गुऱ्हाळातली वाफ एकदा काम करून आकाशात जाते. साखर कारखान्यात पहिल्या पात्रातून निघालेली तीच वाफ, कमी दाबामुळे कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या पात्राखाली, आणि दुसऱ्यातली तिसऱ्याखाली अशी पुनःपुन्हा राबवली जाते. नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकन अभियंत्याने १८४० च्या दशकात ही युक्ती काढली, आणि तिच्याच पुण्याईने कारखान्यांपाशी चिपाडे शिलकीत राहून त्यांवर वीज निर्माण करता येते. गुऱ्हाळवाल्यांनी मात्र हे मनाला लावून घेऊ नये. त्या एकपात्री आटवण्यातली खरपूस चव कारखान्याला साधलेली नाही.

विखुरण्याची ही ओढ इतकी प्रबळ असते की तिच्यापायी काही क्रिया उष्णता देण्याऐवजी घेऊनही आपोआप घडतात. ग्लुकोजची भुकटी जिभेवर टाकली की गारवा वाटतो, कारण विरघळताना ती जिभेचीच ऊब उचलते. अकबराच्या दरबारात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरीत असल्याचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे, त्यातले शास्त्र हेच. तेव्हा एखादी क्रिया घडेल की नाही, याचा निवाडा करताना उष्णतेचे एकटे कलम पाहून भागत नाही. विखुरण्याचे कलमही तापमानाने गुणून हिशेबात धरावे लागते. दोन्ही मिळून जी निव्वळ, कामास येण्याजोगी बाकी राहते तिला मुक्त ऊर्जा म्हणतात, आणि तिचे गणित अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बसून विलार्ड गिब्ज या अबोल प्राध्यापकाने १८७० च्या दशकात असे काही बांधले की त्यानंतरच्या रसायनशास्त्रज्ञांचा पुष्कळसा काळ ते समजून घेण्यातच गेला.

मग ज्या विश्वात सर्वत्र विखुरणेच चालले आहे, तेथे उसासारखी शिस्तबद्ध वस्तू उभी कशी राहते? एर्विन श्रोडिंगर या भौतिकीविदाने १९४४ साली ‘व्हॉट इज लाइफ?’ या चिमुकल्या पुस्तकात हाच प्रश्न घेतला होता, आणि त्याचे उत्तर गुऱ्हाळात निवण्यासाठी वाफ्यात ओतलेल्या पाकाकडे पाहूनही मिळते. यारीच्या साखळीने काहील कलती होते, पाक वाफ्यात पडतो, खुरप्याने तो घोटू लागले की त्यात कण धरू लागतात, आणि कण धरताना तो उष्णता बाहेर टाकतो. साखरेचे रेणू रांगेत उभे राहिले, त्यांच्यापुरती अव्यवस्था कमी झाली. पण त्यापायी बाहेर टाकलेल्या उष्णतेने भोवतालची हवा तेवढी अधिक अस्ताव्यस्त झाली. सजीव हेच करतो, फक्त अखंड करतो. ऊस आपल्या पानांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी शेकडा एक-दोन हिस्साच देहात बांधून ठेवतो, बाकीचा उबेच्या रूपाने परत करतो. आणि तेवढेही पिकांमध्ये उत्तमच समजले जाते. प्रकाश देहात बांधण्याची उसाची ही विशेष हातोटी १९६० च्या दशकात हवाई आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्याच पानांवर उलगडली, तोवर कोल्हापूरच्या शेतकऱ्याने ती कित्येक पिढ्या विकून खाल्ली होती.

माणसाची स्थिती याहून निराळी नाही. दिवसाकाठी दोन हजार कॅलरी खाणारा मनुष्य म्हणजे चोवीस तास जळणारा शंभर वॅटचा दिवा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून जो फेसाळ पेला हातात देतात, त्याची ऊब ही त्याच दिव्याची, सकाळी खाल्लेल्या वैरणीची. पेला रिचवून जो पैलवान तालमीतल्या लाल मातीत उतरतो, तो एका तासात पाच-सहा दिव्यांची उष्णता निर्माण करतो. स्नायूंचा वाटा चौथा हिस्सा, हे आपण पाहिलेच, उरलेले तीन हिस्से कोठे तरी घालवले नाहीत तर तो काही मिनिटांत तापाने फणफणेल. तो काय करतो? घामाघूम होतो. कातडीवरून एक लिटर घाम उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी आपल्याबरोबर नेतो. पाण्याची वाफ करण्यास जी जबर किंमत पडते म्हणून गुऱ्हाळाला ढिगाने चिपाडे जाळावी लागतात, त्याच किमतीच्या आधारावर पैलवान जिवंत राहतो. गुऱ्हाळ पाणी घालवण्यासाठी उष्णता खर्चते, पैलवान उष्णता घालवण्यासाठी पाणी खर्चतो. मधले ५४० आणि ५८० यांतले अंतर तेवढे तापमानाच्या फरकामुळे.

आषाढ लागला की आमच्या गल्लीत दुसऱ्या नियमाचे प्रात्यक्षिक घरोघर सुरू होते. कोल्हापूरचा पाऊस भिंतींत मुरतो, मीठ पाणावते, आणि माघात टणक फुटलेली ढेप डब्यात पाझरू लागते. तिच्यातली ग्लुकोज व फ्रुक्टोज ओलावा ओढून घेतात, कारण पाण्यात मिसळून पसरण्याला मज्जाव करणारे तेथे कोणीच नसते. किलोभर गुळामागे चार किलो पाणी घालवण्यासाठी चुलवाणात अडीच हजार कॅलरी लागल्या होत्या. ते पाणी आता थेंबाथेंबाने, कोणताही विस्तव न पेटवता, झाकणाच्या फटीतून परत येते. माझी आई असे दिवस आले की गुळाचा डबा उचलून चुलीवरच्या फळीवर नेऊन ठेवी. थोडी ऊब सतत देत राहिले की पाणी आत यायला कचरते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. एखाद्या वर्षी विसर पडलाच तर श्रावणात डब्याच्या तळाशी बोटभर तांबूस पाक साचलेला सापडे, आणि आम्ही भावंडे तो चमच्याने पोळीवर घेत असू. चव काकवीची, गूळ दोन उकळ्या मागे गेलेला.